वाणातली पिल्लं

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत जुनी वर्तमानपत्रं अंथरते, पावसाच्या पाण्याची बादली जवळ ओढते आणि पहिली कुंडी उलटी करते. बोटं बधीर होतात. घाट चढून बैहर मागे टाकलं की हवाच बदलते. मध्य प्रदेशातल्या थंड गावांच्या यादीत आमच्या मलाजखंडचं नाव हिवाळ्यात हमखास असतं. नागपूरच्या माझ्या बहिणीला हेच झाड तीन महिने फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात ठेवावं लागतं. मला गॅलरी पुरते.

झाड म्हणजे व्हीनस फ्लायट्रॅप. कॉलनीतली पोरं त्याला माशीखाऊ म्हणतात. मूळचं अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलिनाच्या दलदलीतलं. तिथल्या जमिनीत नत्र जवळजवळ नाहीच, म्हणून ते कीटकांकडून घेतं. सापळ्याच्या आत बारीक केस असतात. वीसेक सेकंदांत केसांना दोनदा धक्का लागला तर सापळा डोळ्याची पापणी लवावी तसा मिटतो. एकदाच लागला तर मिटत नाही, म्हणजे पावसाचा थेंब पडून फुकट श्रम होत नाहीत. डार्विनने 1875 मध्ये कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात याचाही मुक्काम आहे. पण पाहुण्यांना सापळा दिसतो, मला जानेवारीत मातीखालचं दिसतं. मजा तिथे आहे.

कुंडीतला गड्डा बाहेर काढून बादलीत हलवला की काळसर पीट मॉस सुटतं आणि खाली लसणाच्या कांडीसारखा पांढरट, कुठे गुलाबी कंद उरतो. पाकळ्या म्हणजे पानांचे फुगीर बुडखे. मुळं काळी असतात. पहिल्या वर्षी मी ती कुजली समजून कात्रीने साफ केली होती. ती काळीच असतात. टोकं तेवढी पांढरी. कुजलेलं ओळखायचं ते रंगावरून नव्हे, दाबून. निरोगी कंद टणक लागतो, कुजलेला बोटाखाली पिचतो आणि वास येतो.

आता पिल्लं. आई-कंदाच्या बगलेला लहान लहान लसूण चिकटलेले असतात, प्रत्येकाला स्वतःची दोन-चार चिमुकली पानं. केळीचे मुनवे कोयत्याने तोडणाऱ्यांना इथे हात आवरावा लागतो. मी पिल्लू बुडाशी, अंगठा आणि तर्जनीत धरते आणि हळूच हलवते, दुधाचा दात हलवावा तसं. तयार असेल तर बारीकसा ‘टक्’ आवाज होऊन ते हातात येतं, खाली स्वतःची एक-दोन मुळं घेऊन. आवाज आला नाही तर सोडून द्यायचं. पुढच्या संक्रांतीला बघू. ओढून काढलेलं पिल्लू बिनमुळाचं निघतं आणि आईलाही जखम होते. अगदीच अडलं तर ब्लेड ज्योतीवर धरून, गार करून एकच छेद. मला मात्र ब्लेड हातात घ्यावं लागलं की आपलीच घाई झाली असं वाटतं.

घाईचं फळ मी भोगलंय. एका जूनमध्ये, पहिला पाऊस पडला म्हणून उत्साहाने चार पिल्लं वेगळी केली. आपल्याकडे रोप लावायचं ते मृगात, हे डोक्यात पक्कं. पण हे झाड तेव्हा भर वाढीत असतं. दमट उकाड्यात चारही जखमा बुरशीने धरल्या. काटोलच्या मामांनी फोनवर सल्ला दिला, ‘‘अगं, बोर्डो लाव!’’ त्यांची संत्र्याची बाग. खोडाला जखम झाली की बोर्डो हे त्यांचं उत्तर ठरलेलं. बोर्डोत असतं मोरचूद आणि चुना. मोरचूद म्हणजे तांबं. ही झाडं तांब्याची बुरशीनाशकं सोसत नाहीत आणि चुना त्यांच्या आंबट मातीला चालत नाही. एकाच डब्यात दोन्ही वैरी. संत्र्याला अमृत, याला विष. मी लावलं नाही, पिल्लं तशीही गेली.

तांब्याचं वैर असलेलं झाड मी तांब्याच्या गावात वाढवते, यावर घरात विनोद होतात. हिंदुस्तान कॉपरची उघडी खाण इथे 1982 मध्ये सुरू झाली. कॉलनी, शाळा, दवाखाना, आमची भाकरी, सगळं त्या खड्ड्यातून वर आलेलं. गंमत अशी की इथलं तांबं सापडतं ते गारगोटीच्या धारेत, सुमारे अडीच अब्ज वर्षं जुन्या. आणि फ्लायट्रॅपच्या मातीत निम्मं पीट मॉस आणि निम्मी जी जाड वाळू लागते, ती गारगोटीचीच लागते, कारण ती पाण्यात काही सोडत नाही. शेजारच्या भाऊंनी प्रेमाने कुटलेली गारगोटी आणून दिली होती, पांढरीशुभ्र. भिंगाखाली तिच्यात पितळी कण चमकत होते. तांब्याचं खनिज. ती मी शोकेसमध्ये ठेवलीय. कुंडीत नदीची धुतलेली वाळू घालते, तीही चमचाभर व्हिनेगरमध्ये टाकून पाहते. फसफसली तर चुना आहे, फेकायची. कोकोपीटही टाळते, त्यातलं मीठ धुताना कंटाळा येतो आणि कंटाळ्याने धुतलेलं कोकोपीट झाड मारतं.

पाण्याची गोष्ट याहून नाजूक. सासूबाई रात्री तांब्याच्या तांब्यात पाणी भरून ठेवतात आणि सकाळी पितात. उरलेलं वाया जाऊ नये म्हणून त्या ते माझ्या कुंडीत ओतत होत्या, महिनाभर, मला न सांगता. पानांच्या कडा काळ्या पडल्या तेव्हा कळलं. बोलायचं काय? मी पाण्यातले क्षार मोजणारं टीडीएस मीटर आणून त्याच, म्हणजे बोअरच्या पाण्यात बुडवलं. तीन आकडी संख्या आली. या झाडाला पन्नासच्या आत हवं. मग पावसाच्या पाण्यात बुडवलं, एक आकडी. सासूबाईंनी मीटर हातात घेतलं, पुन्हा एकदा बुडवून स्वतः खात्री केली आणि म्हणाल्या, ‘‘म्हणजे याला आकाशाचंच हवं, चातकासारखं.’’ तेव्हापासून पावसाळ्यात पन्हळीखाली प्लास्टिकचे पिंप लावायचं काम त्यांच्याकडे आहे.

लावणी साधी. कुंडी प्लास्टिकची, निदान चार इंच खोल, कारण मुळं खाली जातात. कंदाचा पांढरा भाग मातीत, कोंब मातीच्या पातळीला. खाली ताटली, ताटलीत बोटाच्या पेराएवढं पाणी. आठवडाभर सावली, मग ऊन, आणि ऊन म्हणजे खरंखुरं ऊन. काढताना एखादं पान बुडख्यासह निघालं तर तेही ओल्या मॉसवर आडवं ठेवते; त्या पांढऱ्या बुडख्यातून दोन-तीन महिन्यांनी टाचणीच्या डोक्याएवढे सापळे निघतात. नुसत्या हिरव्या पात्यातून मात्र काही निघेलच असं नाही.

सगळ्या कीटकभक्षी झाडांना असं वाटून घेता येत नाही. कासच्या पठारावरचं गवती दवबिंदू एका पावसाळ्याचं पाहुणं. बी टाकून संपतं, त्याला पिल्लं कुठली? ते आणि सीतेची आसवं सड्यावरच बघावीत. उपटून कुंडीत आणणाऱ्यांना मी ओळख दाखवत नाही. मेघालयातली घटपर्णी, गारो लोकांची ‘मेमांग कोकशी’ म्हणजे भुताची टोपली, बुडाशी फुटवे देते. पण रानातली ती तर कायद्याने जपलेली. घरी वाढवायची तर रोपवाटिकेत वाढलेलीच घ्यावी.

यंदा सहा कुंड्यांतून अकरा पिल्लं ‘टक्’ म्हणाली. संक्रांत ते रथसप्तमी हा हळदीकुंकवाचा काळ, आणि झाड झोपेतून उठण्याआधीचे हेच दिवस वेगळं करायला बरे. म्हणून स्टीलच्या वाट्या आणि प्लास्टिकचे डबे लुटणं मी तीन वर्षांपूर्वी बंद केलं. दोन पिल्लं घरी ठेवली, नऊ वाणात दिली, तिळगुळाच्या पुडीसोबत बाटलीभर पावसाचं पाणी.

ज्यांनी ती नेली त्यांना एवढंच सांगणं: महिनाभर सापळ्यात काही घालू नका, पोरांना बोट घालून मिटवायला देऊ नका, कारण एक सापळा थोड्याच वेळा मिटतो आणि मग काळा पडतो. पनीर नको. चण्याची डाळ तर मुळीच नको. आणि बाटली संपली की नळाखाली धरू नका, आमच्याकडे या. पिंपात जूनपर्यंत पुरेल इतकं पाणी आहे.