सलग चव्वेचाळीस पराभव आणि त्यांच्याभोवतीच्या गैरसमजुती

न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ म्हटलं की मराठी माणसाला एकच नाव आठवतं, आणि ते योग्यच आहे. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात तिथे शिकले. त्याच विद्यापीठाचा फुटबॉल संघ पुढे एकदा सलग ४४ सामने हरला. १९८३च्या हंगामाचे शेवटचे दोन, १९८४चे सगळे नऊ, १९८५, ८६ आणि ८७ या तिन्ही वर्षांचे दहाच्या दहा आणि १९८८चे पहिले तीन. बेरीज करून बघा. इतकी हार झाली की तिच्याभोवती गोष्टी जमतात, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी खऱ्यापेक्षा सोयीच्या असतात.

गैरसमज : हा आपलाच फुटबॉल.

नाही. अमेरिकेत फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू, हेल्मेट, खांद्यावर जाड पॅड आणि शंभर यार्डांचं मैदान. चेंडू बहुतेक वेळ हातात असतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्याकडे. समोरच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेला तर सहा गुण, खांबांमधून नुसता लाथाडला तर तीन. कॉलेजांचा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर, बहुतेक सामने शनिवारी. म्हणजे हरलेल्या संघाला पुढच्या शनिवारपर्यंत तोंड लपवत वर्गात बसायचं असतं.

गैरसमज : हुशार पोरांचं कॉलेज, खेळात मागे पडणारच.

हे ऐकायला बरं वाटतं, आणि म्हणूनच ते टिकलं. अडचण एवढीच, की कोलंबियाला बहुतेक वेळा हरवणारे कोण होते ते बघायला हवं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, ब्राउन, कॉर्नेल, डार्टमथ, पेनसिल्व्हेनिया. कोलंबिया धरून ही आठ विद्यापीठं म्हणजे आयव्ही लीग. यांच्यापैकी कुणीच खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती देत नाही, तसा त्यांचा आपसातला करारच आहे. प्रवेशाची चाळणीही सगळीकडे बारीक. येलची पोरं काय पुस्तकं न वाचता जिंकत होती? हुशारी आठही घरी होती, तेव्हा हरण्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं.

एक कारण तर नकाशावर दिसतं. वर्ग मॅनहॅटनच्या ११६व्या रस्त्यावर आणि मैदान बेटाच्या पार उत्तर टोकाला, २१८व्या रस्त्यावर. मध्ये शंभरेक रस्ते, आठ किलोमीटरच्या आसपास. दुपारचा तास संपवून बसनं किंवा १ नंबरच्या भुयारी गाडीनं तिथे जायचं, सराव करायचा, अंधारात परत यायचं आणि मग अभ्यासाला बसायचं. प्रिन्स्टनच्या मुलाला खोलीतून मैदानावर चालत जाता येतं. रोजचा जाण्यायेण्याचा तासभर चार वर्षांत किती होतो, हे लोकलनं कॉलेज केलेल्याला सांगायला नको. आणि कुठल्या कॉलेजात जावं हे ठरवणारा सतरा वर्षांचा चांगला खेळाडू हे सगळं बघून जातो. मला तरी पराभवाचं मूळ मैदानापेक्षा या प्रवासात जास्त दिसतं.

गैरसमज : तिथे फुटबॉलची परंपराच नव्हती.

उलट, फार जुनी होती. अमेरिकेतला पहिला आंतर-कॉलेज सामना १८६९चा धरतात. कोलंबिया पुढच्याच वर्षी मैदानात उतरलं (आणि हरलं, पण ते सोडा). १ जानेवारी १९३४ला याच संघानं कॅलिफोर्नियात रोझ बोलच्या सामन्यात स्टॅनफर्डला ७-० असं हरवलं. १९४७मध्ये लष्करी अकादमीचा संघ सलग ३२ सामने अजिंक्य होता. त्याला २१-२० असं थांबवणारंही कोलंबियाच.

मध्ये एक खंड मात्र पडला. १९०५च्या सुमाराला हा खेळ इतका रानटी झाला होता की मैदानावर मुलं मरत होती. खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी कॉलेजांच्या लोकांना बोलावून घेऊन कान उपटले. कोलंबियानं सरळ फुटबॉल बंद केला, तो १९१५पर्यंत. म्हणजे बाबासाहेब १९१३च्या जुलैत तिथे पोहोचले तेव्हा विद्यापीठाला फुटबॉल संघच नव्हता. त्यांच्या शेवटच्या वर्षात तो पुन्हा उभा राहिला. ते त्या काळात ग्रंथालयात बसलेले असणार, हे वेगळं.

गैरसमज : प्रशिक्षक बदला, सगळं सुधारेल.

बदलले. मालिका सुरू झाली तेव्हा बॉब नासो होते, १९८५ला जिम गॅरेट आले, १९८६पासून लॅरी मॅकएलरीव्ही. तीन माणसं, तीन तऱ्हा आणि निकाल तोच. यातली गॅरेट यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात आणखी एक गैरसमज दडलाय.

तो म्हणजे : हरणाऱ्यांना हरायची सवय लागते.

गॅरेट व्यावसायिक फुटबॉलच्या जगातून आलेले, कडक शिस्तीचे. त्यांच्या पहिल्याच सामन्यात कोलंबिया हार्वर्डविरुद्ध १७-० असं पुढे होतं. प्रेक्षकांना वाटलं असेल, सुटलो बुवा. मग हार्वर्डनं ४९ गुण केले. शेवट ४९-१७. सामन्यानंतर गॅरेट पत्रकारांसमोर स्वतःच्या खेळाडूंवर घसरले. व्यसनी माणसाला अमली पदार्थांची लागते तशी यांना हरण्याची चटक लागलीय, अशा अर्थाचं बोलले. आपल्याच पोरांबद्दल, चारचौघांत. विद्यापीठात गदारोळ झाला. हंगाम ०-१० असा संपला आणि ते पायउतार झाले.

आता त्या चटकेचा हिशेब बघा. १९८४च्या शरद ऋतूत दाखल झालेला मुलगा १९८७चा हंगाम संपवून बाहेर पडला तेव्हा ३९ सामने झाले होते आणि त्यानं आपल्या संघाचा एकही विजय पाहिला नव्हता. खेळायचे पैसे नाहीत, शिष्यवृत्ती नाही, सोडून दिलं तर कुणी विचारणार नाही, उलट मार्क वाढतील. तरी पुढच्या ऑगस्टला मुलं परत सरावाला हजर. सवय लागली असेल तर ती येत राहण्याची होती. हरण्याची चटक असलेला माणूस १७-० आघाडी घेण्याची तसदी कशाला घेईल?

आणि हा किस्सा इथे संपत नाही. गॅरेट यांची तीन मुलं कोलंबियात होती. वडिलांचं पद सुटल्यावर तिघंही प्रिन्स्टनला गेली. त्यातला जेसन हा तिथे मुख्य पास फेकणारा क्वार्टरबॅक झाला. पुढे डॅलस काउबॉइजचा प्रशिक्षक झाला तो हाच.

८ ऑक्टोबर १९८८. सतरा हजारांच्या स्टेडियममध्ये साडेपाच हजारांच्या आसपास माणसं, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचा शनिवार. समोर प्रिन्स्टन, त्यांचा क्वार्टरबॅक जेसन गॅरेट. सामना संपायला पाचेक मिनिटं उरली असताना कोलंबियाच्या सॉलोमन जॉन्सननं दोन यार्डांवरून चेंडू आत रेटला आणि १६-१३ अशी आघाडी झाली. पण ४४ वेळा तोंड भाजलेल्यांना पाच मिनिटं म्हणजे युग. प्रिन्स्टन पुढे सरकत राहिलं. अगदी शेवटी ४८ यार्डांवरून लाथ. खांबांमधून गेली असती तर बरोबरी. चेंडू आखूड पडला.

ज्यांना त्याच्या बापानं हरण्याचे व्यसनी म्हटलं होतं, त्यांच्या संघानं लेकाला हरवलं. कादंबरीत हे कुणी लिहिलं असतं तर संपादकानं फार जुळवून आणलंय म्हणून काटलं असतं.

गैरसमज : सर्वांत जास्त हरण्याचा विक्रम कोलंबियाचाच.

होता, १९८७पासून, तोही फक्त कॉलेज फुटबॉलच्या वरच्या पातळीवर. त्याआधी तो ३४ पराभवांसह नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाकडे होता. पण टेक्सासच्या प्रेअरी व्ह्यूनं हे आकडे किरकोळ ठरवले. १९८९ ते १९९८, सलग ८० पराभव. वर्णभेदाच्या काळापासूनचं हे कृष्णवर्णीयांचं विद्यापीठ. पन्नास-साठच्या दशकांत त्यांचा संघ दरारा बाळगून होता. मग गोऱ्या विद्यापीठांची दारं उघडली, चांगले खेळाडू तिकडे जाऊ लागले. पैशांच्या गैरव्यवहारामुळे १९९०चा हंगामच रद्द झाला आणि नंतरची वर्षं शिष्यवृत्तीविना संघ उभा करावा लागला, तोही शिष्यवृत्ती देणाऱ्यांशी खेळायला. कोलंबियाचा निदान बरोबरीच्यांशी तरी सामना होता. शेवटी २६ सप्टेंबर १९९८ला लँग्स्टनविरुद्ध १४-१२ असा विजय. तिथेही ‘पोरांत दम नाही’ असं म्हणणारे होतेच. खजिन्यात दम नाही, असं म्हणायला जरा हिशेबाची वही उघडावी लागते.

गैरसमज : एकदा जिंकलं की ग्रह सुटतो.

त्या १९८८च्या हंगामात कोलंबिया एकूण दोन सामने जिंकलं, आठ हरलं. मॅकएलरीव्हीसुद्धा हंगामानंतर पायउतार झाले. २०१३ आणि २०१४ साली पुन्हा दहा-दहा पराभव, आणि ती मालिका २४वर थांबली ती २०१५ला. २०१७मध्ये आठ विजय. मग २३ नोव्हेंबर २०२४ला कॉर्नेलला १७-९ असं हरवलं, त्याच दिवशी हार्वर्ड येलकडून हरलं, आणि हार्वर्ड, डार्टमथ यांच्याबरोबर वाटून का होईना, आयव्ही लीगचं विजेतेपद कोलंबियाला मिळालं. आधीचं १९६१चं होतं, तेही वाटूनच. मैदान अजून २१८व्या रस्त्यावरच आहे. १९८४ला दाखल झालेली ती मुलं तोवर साठीच्या उंबरठ्यावर आली होती.