त्या रात्रीची यादी आणि यादीत नसलेली नावे

चित्रपट पुरस्कारांवरच्या आपल्या या व्याख्यानमालेत आज एकच समारंभ घेऊ. तिसावा अकादमी पुरस्कार, म्हणजे बोलीभाषेत ऑस्कर. तारीख २६ मार्च १९५८, ठिकाण हॉलिवूडमधलं आरकेओ पँटेजेस थिएटर. १९५७ सालचे चित्रपट स्पर्धेत होते.

आपल्याकडे या समारंभाची आठवण एका वाक्यात उरली आहे: ‘मदर इंडिया’चं ऑस्कर एका मताने हुकलं. त्या वाक्याकडे आपण येणारच आहोत. पण त्याआधी त्या रात्रीची विजेत्यांची आणि नामांकनांची पूर्ण यादी समोर ठेवू या. पुरस्कारांच्या याद्या आपण सातबाराच्या उताऱ्यासारख्या वाचतो. छापलंय ना, मग खरं. या यादीत मात्र एक नोंद अशी आहे की ती छापली गेली तेव्हाच खोटी होती, आणि हे हॉलिवूडमध्ये पुष्कळांना माहीत होतं.

आधी सरळ भाग. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पाच नामांकनं होती: ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’, ‘सायोनारा’, ‘पेटन प्लेस’, ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ आणि ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’. दिग्दर्शनाची पाचही नामांकनं याच पाच चित्रपटांना होती. पाचाला पाच जुळण्याची ही पहिलीच वेळ. ‘क्वाय’ने आठपैकी सात पुरस्कार नेले: चित्रपट, दिग्दर्शक डेव्हिड लीन, अभिनेता अ‍ॅलेक गिनेस, छायालेखन, संकलन, संगीत आणि आधारित पटकथा. ‘सायोनारा’ला दहा नामांकनं होती, त्यांतली चार फळाला आली. ‘पेटन प्लेस’ नऊ नामांकनं घेऊन आला आणि हात हलवत परत गेला. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’लाही काही मिळालं नाही. एका खोलीत बसून वाद घालणारे बारा ज्युरी, एवढाच मामला. पण आज या पाचांतला सर्वांत जास्त पाहिला जाणारा चित्रपट बहुधा तोच असेल. बासू चटर्जींचा ‘एक रुका हुआ फैसला’ ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

अभिनेत्रीचा पुरस्कार ‘द थ्री फेसेस ऑफ ईव्ह’साठी जोआन वुडवर्डला मिळाला. समोर डेबोरा कर, अ‍ॅना मॅन्यानी, एलिझाबेथ टेलर आणि लाना टर्नर होत्या. वुडवर्ड स्वतः शिवलेला झगा घालून आली होती, आणि त्यावरून तिला टोमणेही ऐकावे लागले.

सहायक भूमिकांच्या नोंदींवर मात्र जरा थांबू. ‘सायोनारा’साठी मियोशी उमेकीला पुरस्कार मिळाला. अभिनयाचं ऑस्कर मिळवणारी ती पहिली आशियाई स्त्री. ‘क्वाय’मधला जपानी कर्नल सायतो साकारणारा सेस्यू हायाकावा सहायक अभिनेत्याच्या नामांकनात होता. ‘क्वाय’चा हुकलेला आठवा पुरस्कार तो हाच. मूकपटांच्या काळात, १९१५च्या आसपास, हा माणूस हॉलिवूडचा खराखुरा तारा होता. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी त्याला हे नामांकन मिळालं. जपानशी युद्ध संपून तेरा वर्षंही झाली नव्हती, हे लक्षात घ्या.

आता त्या खोट्या नोंदीकडे. दुसऱ्या माध्यमातल्या कृतीवर आधारित पटकथेचा पुरस्कार: ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’, पिअर बूल. बूल हे मूळ फ्रेंच कादंबरीचे लेखक. तरुणपणी मलायात रबराच्या मळ्यांवर इंजिनिअर म्हणून त्यांनी काम केलं, युद्धकाळात इंडोचायनात कैद भोगली, आणि १९५२ साली ही कादंबरी लिहिली. सगळं खरं. पण पटकथा त्यांनी लिहिली नव्हती. ते फ्रेंचमध्ये लिहीत, आणि चित्रपट इंग्रजी. पटकथा लिहिली होती कार्ल फोरमन आणि मायकेल विल्सन या दोन अमेरिकन लेखकांनी. सुरुवातीचा खर्डा फोरमनचा, पुढचं बरंचसं काम विल्सनचं. दोघांपैकी एकाचंही नाव ना पडद्यावर होतं, ना नामांकनात, ना बाहुलीवर.

का नव्हतं? कारण दोघं काळ्या यादीत होते. १९४७पासून अमेरिकन प्रतिनिधिगृहाची एक चौकशी समिती चित्रपटसृष्टीतले कम्युनिस्ट शोधत होती. बोलावलं की जायचं, आपण पक्षात होतो का ते सांगायचं, आणि मुख्य म्हणजे इतरांची नावं द्यायची. नावं दिली नाहीत की काम बंद. पहिल्या फेरीत नकार देणारे दहा जण तुरुंगात गेले. विल्सनला १९५१ साली बोलावलं. त्याने सहकार्य नाकारलं. गंमत बघा, त्याच वर्षीच्या ‘अ प्लेस इन द सन’ची पटकथा त्याच्या नावावर होती आणि तिला पुढे ऑस्करही मिळालं! म्हणजे अकादमीचा विजेता आणि बेकार, एकाच वेळी. तो फ्रान्सला गेला. ‘हाय नून’ लिहिणारा फोरमन इंग्लंडला गेला.

काळी यादी म्हणजे छापून भिंतीला लावलेला कागद असं समजू नका. स्टुडिओंनी आपसांत पाळलेला तो बहिष्कार होता. आपल्याकडे गावकीने एखाद्याला वाळीत टाकलं की त्याचा लेखी ठराव कुणी मागत नाही, तसंच. पण अकादमीने एक पाऊल पुढे टाकलं आणि फेब्रुवारी १९५७मध्ये चक्क नियमच केला. जो कम्युनिस्ट पक्षाचा सभासद आहे किंवा होता आणि ज्याने ते जाहीरपणे सोडलेलं नाही, किंवा ज्याने चौकशी समितीपुढे बोलायला नकार दिला, तो ऑस्करला अपात्र.

या नियमाचा पहिला घाव पुन्हा विल्सनवरच बसला. ‘फ्रेंडली पर्सुएशन’ची पटकथा त्याची होती. चित्रपट पटकथाकाराच्या नावाशिवायच प्रदर्शित झाला होता. त्या पटकथेला नामांकन मिळालं, पण लेखक अपात्र, म्हणून अंतिम मतपत्रिकेवरून ती वगळली गेली. लेखन चालेल, लेखक चालणार नाही.

त्याच समारंभात, मार्च १९५७मध्ये, याहून मोठी फजिती झाली. ‘द ब्रेव्ह वन’ या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट कथेचा पुरस्कार रॉबर्ट रिच या लेखकाला जाहीर झाला. मंचावर लेखक संघटनेचा प्रतिनिधी गेला, त्याने बाहुली स्वीकारली. नंतर रिचसाहेबांचा शोध सुरू झाला, पण असा माणूस नव्हताच. तुरुंगात गेलेल्या दहांपैकी एक, डाल्टन ट्रम्बो, यानं घेतलेलं ते टोपणनाव होतं. ट्रम्बोने हे बराच काळ ना कबूल केलं ना नाकारलं. पत्रकारांना झुलवत ठेवलं. आमच्या मते काळ्या यादीला सगळ्यात मोठा तडा या हशाने गेला. गंभीर निवेदनं पुष्कळ निघाली होती. पण ज्या नियमाची लोक टिंगल करतात तो फार दिवस टिकत नाही. आणि कथेचा तो स्वतंत्र पुरस्कार पुढच्या वर्षीपासून बंदच झाला.

तर या फजितीनंतरचं वर्ष म्हणजे आपलं १९५८. आता टोपणनाव नको, खऱ्या माणसाचं नाव हवं. बूल यांचं नाव तयारच होतं. कादंबरी त्यांची, चित्रपट त्यांच्या कादंबरीवरचा, शंका कोण घेणार? शिवाय ते अमेरिकन नव्हते, चौकशीचा प्रश्नच नव्हता.

जानेवारी १९५९मध्ये अकादमीने तो नियम मागे घेतला. त्याच सुमारास ट्रम्बोने जाहीर केलं की रॉबर्ट रिच म्हणजे मीच. पण नियम गेला म्हणून यादी लगेच दुरुस्त झाली का? नाही. ट्रम्बोच्या हाती ती बाहुली १९७५ साली पडली. विल्सन १९७८मध्ये वारला, फोरमन १९८४च्या जूनमध्ये. ‘क्वाय’च्या पटकथेवर त्यांचा हक्क अकादमीने मान्य केला तो १९८४च्या अखेरीस, आणि १९८५मध्ये दोघांच्या पत्नींना बाहुल्या दिल्या गेल्या. सत्तावीस वर्षं! म्हणून १९५८च्या विजेत्यांची यादी कुठेही वाचाल तेव्हा ती कधी छापली आहे ते आधी बघा. जुन्या पुस्तकात एकटे बूल, नव्यात तिघं.

एक गोष्ट जाता जाता. १९६८मध्ये आलेल्या ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ची मूळ कादंबरीही पिअर बूल यांचीच. पटकथाकार रॉड सर्लिंग आणि मायकेल विल्सन. या वेळी विल्सनचं नाव पडद्यावर होतं.

आता ‘मदर इंडिया’. परभाषिक चित्रपटांच्या स्पर्धेतली पाच नावं अशी: इटलीचा ‘नाइट्स ऑफ कॅबिरिया’, फ्रान्सचा ‘गेट्स ऑफ पॅरिस’, पश्चिम जर्मनीचा ‘द डेव्हिल स्ट्राइक्स अ‍ॅट नाइट’, नॉर्वेचा ‘नाइन लाइव्ह्ज’ आणि भारताचा ‘मदर इंडिया’. फेलिनी, रने क्लेअर, रॉबर्ट सिओदमाक असे दिग्दर्शक, आणि त्यांच्या पंगतीत वांद्र्याला स्वतःचा स्टुडिओ उभारणारे मेहबूब खान. भारताचं हे या विभागातलं पहिलं नामांकन. पुरस्कार फेलिनीच्या ‘कॅबिरिया’ने घेतला.

इथेही नावाची भानगड आहे. आदल्या वर्षी या विभागात निर्मात्यांची नावं नोंदली होती. १९५७च्या चित्रपटांपासून नोंद देशाच्या नावावर गेली. म्हणजे अकादमीच्या दप्तरात या विभागात नामांकित कोण, तर मेहबूब खान नव्हे, भारत. फेलिनीही नव्हे, इटली. या विभागातल्या बाहुलीवर दिग्दर्शकाचं नाव कोरायला सुरुवात झाली २०१४ साली.

आणि एक धागा आपल्याला थेट काळ्या यादीकडे परत नेतो. मेहबूब प्रॉडक्शन्सचं बोधचिन्ह आठवा. कोयता आणि हातोडा, मध्ये ‘एम’. भारतात जवळपास तीन तास चालणाऱ्या ‘मदर इंडिया’ची अकादमीसाठी सुमारे दोन तासांची प्रत तयार झाली, आणि तिच्यातून हे बोधचिन्ह काढून टाकलं होतं, असं या चित्रपटाच्या अभ्यासकांनी नोंदवलंय. ज्या रात्री विल्सन-फोरमनची नावं नव्हती, त्याच रात्री स्पर्धेत उतरलेल्या भारतीय चित्रपटाचं चिन्हही नव्हतं. मेहबूब खान काही कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते नव्हते. पण त्या वर्षीच्या हॉलिवूडमध्ये कोयता-हातोडा नुसता दिसणंसुद्धा परवडणारं नव्हतं.

मग ते एक मत? अकादमीची मतमोजणी बाहेरची हिशेबतपासनीस कंपनी करते. निकाल सीलबंद पाकिटात येतो. ही पाकिटाची पद्धत १९४१पासूनची, कारण आदल्या वर्षी लॉस एंजेलिसच्या एका वर्तमानपत्राने विजेत्यांची नावं आधीच छापून टाकली होती. पाकिटात फक्त नाव असतं. कुणाला किती मतं पडली हे अकादमी जाहीर करत नाही. विजेत्यालासुद्धा सांगत नाही. तेव्हा ‘मदर इंडिया’ एका मताने हरला, दहाने की शंभराने, याला कागदाचा आधार नाही. आपल्याकडे पुस्तकांतून, लेखांतून ते वाक्य एकमेकांकडून उचललं गेलं आणि पक्कं झालं.

एका मताची खरी गोष्ट ऑस्करच्या इतिहासात आहे, पण ती १९३२ची. फ्रेडरिक मार्च आणि वॉलेस बीरी यांच्यात एका मताचा फरक पडला, आणि तीन मतांच्या आत असेल तर बरोबरी धरायची, असा तेव्हाचा नियम असल्याने दोघांनाही अभिनेत्याचा पुरस्कार दिला गेला. तो फरक आपल्याला माहीत आहे तो बाहुली दोघांना द्यावी लागली म्हणून.

‘मदर इंडिया’ला त्या हुकलेल्या मताची गरजही नाही, असं आम्हाला वाटतं. नर्गिसला त्याच वर्षी कार्लोव्ही व्हारीच्या महोत्सवात अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, आणि त्याची नोंद स्वच्छ आहे. त्यानंतर या विभागात अंतिम पाचांत भारताचे दोनच चित्रपट पोहोचले: मीरा नायर यांचा ‘सलाम बॉम्बे’ आणि आशुतोष गोवारीकर यांचा ‘लगान’. ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ हे मराठी चित्रपट भारताकडून पाठवले गेले, पण पाचांत आले नाहीत. वर्तमानपत्रांत अशा वेळी ‘ऑस्करला निवड’ असं छापून येतं. भारतातल्या समितीने पाठवणं ही प्रवेशिका झाली. नामांकन अकादमीचे सभासद ठरवतात, आणि त्यांच्या यादीत नाव आल्याशिवाय चित्रपट नामांकित होत नाही.