आधी चाळ बघा, मग यंत्र करा

गेल्या वर्षी जुलै महिन्यात तंत्रनिकेतनाची चार मुले मला भेटायला आली. अंतिम वर्षाचा प्रकल्प करायचा होता. हातात छापील पत्र होते. 'सदर यंत्राची परिसरातील कांदा उत्पादक शेतकऱ्यांना नितांत गरज आहे,' असा मजकूर तयार होता आणि खाली माझ्या सहीला जागा मोकळी ठेवलेली. "सर, फक्त सही द्या. ग्रामपंचायतीची सही झालीय," मुले म्हणाली.

यंत्र असे, की कांदाचाळीत वास ओळखणारे सेन्सर बसवायचे आणि कांदा सडू लागला की शेतकऱ्याच्या मोबाईलवर संदेश जायचा. कल्पना वाईट नव्हती. मी पेन उघडलेसुद्धा होते. पण विचारले, "गरज आहे, हे तुम्हाला कोणी सांगितले?" चौघेही एकमेकांकडे बघू लागले.

मुलांना हसण्याचा मला अधिकार नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी स्वतः हीच चूक केली आहे. एका गावात भाजीपाला ताजा राहावा म्हणून विटा आणि वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्ष हौसेने उभा करून दाखवला. विटांच्या दोन भिंती, मधल्या फटीत वाळू, आणि वाळू सतत ओली ठेवायची. तंत्र अगदी चांगले. पण उन्हाळ्यात त्या गावाला पाणी टँकरने येत होते! आयाबाया एकेका हंड्यासाठी रांगेत उभ्या असताना वाळूवर पाणी कोण ओतणार? पुढच्या वर्षी त्यात कोंबड्या बसलेल्या मी पाहिल्या. गरज मी विचारलीच नव्हती, गृहीत धरली होती.

म्हणून मुलांना म्हटले, "सही नंतर. आधी चाळीवर जाऊन या."

नुकसान नेमके कोणते?

शेतकरी बंधूंना सांगायला नकोच, की उन्हाळ कांदा चार-पाच महिने चाळीत ठेवला तर साधारण ३० ते ४० टक्क्यांपर्यंत घट येऊ शकते. परंतु ही घट एकाच कारणाची नसते. एप्रिल ते जूनच्या उन्हात पाणी उडून वजन घटते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत सड लागते. सप्टेंबरनंतर कोंब फुटतात. तीन दुखणी, तीन औषधे. लासलगावला २००२ साली विकिरण केंद्र सुरू झाले. विकिरणाने कोंब थांबतो, सड थांबत नाही. खालून हवा खेळणारी चाळ, ढिगाची रुंदी ४ फूट, उंची ५ फुटांच्या आत ठेवली तर सड कमी होते, पण पूर्ण जात नाही. तेव्हा 'कांद्याचे नुकसान होते म्हणून यंत्र हवे' एवढ्याने भागत नाही. कोणते नुकसान, कोणत्या महिन्यात, आणि आजचा उपाय कुठे कमी पडतो, हे सांगावे लागते.

मुले आमच्या शिवारातल्या नानांच्या चाळीवर गेली. तिथे काकू दोन बायकांना घेऊन कांदा निवडत होत्या. मुलांनी यंत्राचे सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "वास तर आम्हाला बी येतो रं पोरांनो, त्याला मोबाईल कशाला? सडलंय कुठं, ते सांगा. एवढ्याशा सडीपायी अख्खी चाळ उपसावी लागती."

इथेच मुलांचा प्रकल्प जागेवर आला. सड कळणे ही अडचण नव्हतीच. वरून कांदा चांगला दिसतो, सड मध्ये कुठेतरी असते. सगळा कांदा हलवला की पत्ती उडते, मजुरी जाते, आणि ऐन पावसाळ्यात मजूर मिळतही नाहीत. मग शेतकरी वैतागून पडत्या भावात चाळ फोडतो. खरा तोटा तिथे आहे.

मुले त्यानंतर दर पंधरवड्याला चाळींवर जात राहिली. चाळीत वेगवेगळ्या ठिकाणी वजन केलेल्या कांद्याच्या जाळ्या ठेवून घट मोजली. निवडायला किती बायका, किती दिवस, किती मजुरी, हे वहीत उतरवले. बाजारात सड ओळखणारी यंत्रे आधीच आली आहेत, ती जागा दाखवतात की नुसता इशारा देतात, त्यांची किंमत लहान चाळवाल्याला झेपते का, हेही तपासले. दिवाळीनंतर नवीन पत्र आणले. त्यात 'नितांत गरज' हे शब्द नव्हते. 'सड चाळीत कोणत्या भागात आहे हे न कळल्याने पूर्ण चाळ उपसावी लागते,' एवढे एकच वाक्य आणि खाली मोजलेले आकडे. मी लगेच सही केली. यंत्र अजून व्हायचे आहे, ते जमेल की नाही हेही सांगता येत नाही. पण ते कशासाठी करायचे, हे आता पक्के आहे.

सही करण्याआधी

सरपंच, सदस्य आणि गावपातळीवरील सर्व कर्मचाऱ्यांना माझी विनंती आहे. प्रकल्पाचे पत्र घेऊन मुले येतात तेव्हा 'पोरांचं भलं होऊ द्या' म्हणून आपण सही ठोकतो. त्यात मुलांचे भले नाही आणि गावाचेही नाही. फक्त चार प्रश्न विचारा. अडचण कोणाची? नुकसान किती, आणि ते मोजले कसे? आज लोक त्यावर काय करतात? आणि तो उपाय का पुरत नाही? उत्तरे नसतील तर मुलांना रागावू नका, बांधावर पाठवा.

आणि शेतकरी बंधू-भगिनींनो, अशी मुले आपल्या दारी आली तर 'यंत्र चांगलं हाय' म्हणून नुसता चहा पाजून वाटे लावू नका. जे काम रोज करता ते त्यांना करायला लावा. दोन तास कांदा निवडला की अडचण काय आहे, ते त्यांना कोणी सांगावे लागणार नाही.