शिबिर संपल्यावर गावात काय उरते?

सत्र परीक्षा आटोपल्या की डिसेंबर-जानेवारीत महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांची मुले-मुली अंथरूण-पांघरूण आणि ताट-वाटी घेऊन एखाद्या गावी सात दिवस मुक्कामाला जातात. हे राष्ट्रीय सेवा योजनेचे, म्हणजे एनएसएसचे, विशेष शिबिर. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतल्या चाळीस हजार विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक निवासी शिबिर, अशी तिची आखणी आहे. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री पथनाट्य आणि सातव्या दिवशी समारोप. या शिबिरांबद्दल दोन मते नेहमी ऐकू येतात. मुलांवर संस्कार होतात, तेवढे पुरे, असे एक. सात दिवसांत गावाचे काय भले होणार, असे दुसरे. मला दोन्ही अपुरी वाटतात. सात दिवसांत गावाच्या उपयोगाचे काम नक्की होऊ शकते. मात्र त्यासाठी त्याच गावात वर्षानुवर्षे जायला हवे, आणि काय करायचे ते गावाच्या हंगामाने ठरायला हवे.

वृक्षारोपणाचेच पाहा. शिबिरात रोपे लावणे हा आवडता कार्यक्रम. पण डिसेंबरात लावलेल्या रोपाला पुढचा पाऊस जूनमध्ये मिळणार. मधल्या सहा महिन्यांत त्याला पाणी कोण घालणार आणि शेळ्यांपासून कोण राखणार, याची सोय लावल्याशिवाय ते रोप जगणे अवघड. याउलट वनराई बंधारा. मोहन धारियांच्या ‘वनराई’ संस्थेने रुजवलेले हे काम अगदी साधे आहे. सिमेंटच्या किंवा खताच्या रिकाम्या गोण्या माती-वाळूने भरायच्या, तोंडे शिवायची आणि सांध्यावर सांधा येऊ न देता ओढ्याला आडव्या रचायच्या. पन्नास मुलांचा गट गावकऱ्यांच्या सोबतीने एका आठवड्यात असे एक-दोन बंधारे सहज उभे करतो. अडलेले पाणी आसपासच्या विहिरींत मुरते, गुरांना प्यायला मिळते, हरभऱ्या-गव्हाला एखादी पाळी जास्त देता येते. हा बंधारा पुढच्या पावसाळ्यात वाहून जातो, म्हणून तो दरवर्षी नव्याने घालावा लागतो. दरवर्षी येणाऱ्या शिबिरासाठी याहून चपखल काम शोधून सापडणार नाही. अट एवढीच की ओढा वाहता असताना यायला हवे. अनेक भागांत जानेवारीपर्यंत तो आटलेला असतो. शिबिराची तारीख परीक्षेच्या वेळापत्रकावरून ठरली, तर कोरड्या ओढ्यात गोण्या रचल्या जातात. पाणी पाहून ठरली, तर त्याच श्रमांतून विहिरी भरतात.

सातत्याचे महत्त्व आपल्याकडच्या जाणत्या संस्थांनी फार पूर्वी ओळखले. चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला बाबा आमट्यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी दरवर्षी मे महिन्याच्या मध्यात, त्या भागातल्या भाजून काढणाऱ्या उन्हात भरते. तिथली शेती कुष्ठरोगातून बरे झालेली माणसे बारा महिने कसतात. छावणीतल्या तरुणांवाचून त्यांचे काम अडत नाही, आणि हे तिथे येणाऱ्यालाही कळते. तो शिकायलाच येतो. अभय आणि राणी बंग यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या ‘निर्माण’मध्ये एका शिबिरावर भागत नाही, काही महिन्यांच्या अंतराने शिबिरांची मालिका असते, आणि मधल्या काळात तरुणाने स्वतः काही करून पाहायचे असते. बंग यांच्याच ‘सर्च’ने गडचिरोलीच्या खेड्यांत नवजात बालकांचे मृत्यू मोठ्या प्रमाणात कमी करून दाखवले, ते गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवून. गावात टिकणारा बदल गावात राहणारी माणसेच घडवतात. बाहेरून येणाऱ्याने त्यांच्या कामाला हात लावावा.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: विद्यार्थी दोन वर्षांनी योजनेतून बाहेर पडतात, मग सातत्य कुठून आणायचे? मुले बदलतात हे खरे, पण महाविद्यालय जागेवरच असते. दत्तक गावाची कल्पना योजनेत आधीपासून आहे. गावाची एक वही ठेवली, विहिरींची पातळी, बंधाऱ्याची जागा, गेल्या वर्षी जगलेली झाडे तीत नोंदली आणि पुढच्या तुकडीच्या हाती दिली, तर तिसऱ्या वर्षी येणारी मुलगी कोऱ्या पाटीने येत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीची वाट घातली. मग मजुरी देऊन करायचे खोदकाम मुलांकडून फुकट का करून घ्यावे? हा मुद्दा मला मान्य आहे. जे काम मजुराच्या हजेरीपटावर यायला हवे, त्याला शिबिराने हात लावू नये. मुलांनी घरोघर पाहणी करावी, निराधार पेन्शनचे किंवा शिष्यवृत्तीचे अडलेले अर्ज भरून द्यावेत, पाण्याचा ताळेबंद मांडावा. वनराई बंधारा मुळात लोकसहभागातूनच घातला जातो, तेव्हा तिथे कुणाची मजुरी बुडत नाही. तिसरी तक्रार गुणांची: मुले वाढीव गुणांसाठी आणि प्रमाणपत्रासाठी येतात. येईनात का! अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने निर्मळ हेतूनेच घर सोडावे, ही अपेक्षा आपण दुसऱ्या कुठल्याच अभ्यासाकडून ठेवत नाही. गुणांसाठी आलेल्या मुलाला खरे काम मिळाले, तर ते तो करतो. रिकामा वेळ आणि भाषणे मिळाली, तर मोबाइल काढून बसतो. दोष कामाच्या आखणीकडे जातो.

ही आखणी गावाने करावी, आणि त्याची जागा आपल्याकडे तयार आहे. बहुतेक गावांत २ ऑक्टोबरला आणि २६ जानेवारीला ग्रामसभा भरते. हिवाळी शिबिर बरोबर या दोन तारखांच्या मध्ये येते. ऑक्टोबरच्या सभेत चार-पाच विद्यार्थ्यांनी आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांनी जाऊन विचारावे: यंदा काय करायचे, कुठे करायचे, आणि आमच्या बरोबर गावातले कोण असणार? महिलांची सभा वेगळी भरत असेल, तर तिथेही विचारावे, कारण पाणी कुठे कमी पडते हे डोक्यावर हंडा वाहणाऱ्या बाईला आधी कळते. मग २६ जानेवारीला परत जाऊन झालेल्या आणि राहिलेल्या कामाचा हिशेब गावापुढे मांडावा आणि गावाच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. यासाठी नवा निधी लागत नाही, नवा शासन आदेशही लागत नाही. लागते ते वर्षातून आणखी दोनदा त्याच गावच्या एसटीत बसणे.