प्रकल्पाचं झाड: गोर्स कसं लावायचं, कसं वाचायचं

संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण त्यांच्यापुढे कोणत्या प्रती होत्या, कुठला शब्द त्यांनी बदलला आणि कुठला तसाच ठेवला, याची ओळीओळीची यादी काही आपल्या हाती नाही. म्हणून तर पाठभेदांचा अभ्यास इतका कष्टाचा.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी ही अडचण आधीच ओळखली. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी गिट नावाची व्यवस्था लिहिली. आज आपल्या बहुतेक गट-प्रकल्पांत तीच वापरतात. एखादा बदल पक्का केला, म्हणजे कमिट केला, की कोणी, केव्हा, कोणत्या फाइलमध्ये काय बदललं, हे सगळं गिट लिहून ठेवतं. पण ही नोंद दुकानाच्या खतावणीसारखी, ओळीखाली ओळ. ती सलग वाचायला बसतो कोण?

इथे गोर्स उपयोगी पडतं. अँड्र्यू कॉडवेल या न्यूझीलंडच्या प्रोग्रामरने २००९ मध्ये आणलेलं हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर गिटची नोंद वाचून तिचा चलत्पट करतं. मधोमध प्रकल्पाचं मुख्य फोल्डर, त्यातून फुटणाऱ्या फांद्या म्हणजे आतली फोल्डरं आणि टोकांवरचे रंगीत ठिपके म्हणजे फाइली. काम करणारी माणसं आपापली नावं घेऊन या झाडाभोवती फिरतात आणि फाइलींवर किरण सोडतात. फाइल नवी असेल तर हिरवा, बदलली तर नारिंगी, काढून टाकली तर लाल.

लावायचं कसं?

उबुंटूवर असाल तर नेहमीच्या ॲप्ट आज्ञेने गोर्स मिळतं, मॅकवर होमब्रूने. विंडोजसाठी प्रकल्पाच्या गिटहब पानावर तयार इन्स्टॉलर आहे. संगणकावर गिटही हवंच, कारण गोर्स नोंद मागतं ती त्याच्याकडेच.

मग प्रकल्प उतरवून घ्या. इथे बरेच जण फसतात. गिटहबवरून झिप फाइल डाउनलोड केली तर आजच्या फाइली मिळतात, त्यांचा इतिहास मिळत नाही. इतिहास हवा तर प्रकल्प ‘क्लोन’च करावा लागतो. क्लोन झालेल्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा आणि इंग्रजीत फक्त गोर्स लिहा (स्पेलिंग जी, ओ, यू, आर, सी, ई). एंटर दाबा. झाड वाढू लागेल. स्पेसबार दाबला की ते थांबतं, एस्केप दाबला की बंद होतं.

सुरुवातीला चाल संथ वाटेल, कारण प्रकल्पाच्या एका दिवसाला गोर्स १० सेकंद देतं. रोज काम झालेलं ९० दिवसांचं सत्र पाहायला १५ मिनिटं लागतील. आज्ञेपुढे छोटा ‘एस’ हा पर्याय देऊन त्याला १ सांगितलं, तर तेच दीड मिनिटात आटोपतं. एस लिहिण्याआधी एक हायफन मात्र विसरू नका.

वाचायचं कसं?

इथवरचं काम दहा मिनिटांचं. खरी काळजी घ्यायची ती यापुढे, कारण हे चित्र इतकं देखणं असतं की पाहणारा लगेच निवाडा करून मोकळा होतो: ‘हिचे किरण बघा किती, आणि हा तर दिसलाच नाही!’ गट-प्रकल्पाचे गुण असल्या निवाड्यावर ठरू लागले तर अन्याय ठरलेला. म्हणून निदान तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, एकच माणूस दोन दिसू शकतो. कॉलेजच्या लॅबमध्ये गिटला एक नाव दिलेलं आणि घरच्या लॅपटॉपवर दुसरं, तर झाडाभोवती दोघे फिरतात आणि दोघांचंही काम अर्धं वाटतं. प्रकल्पात ‘मेलमॅप’ नावाची छोटी फाइल ठेवून ही नावं एकत्र जोडता येतात.

दुसरी, शांतता कापली जाते. काही सेकंद काहीच घडलं नाही की गोर्स आपणहून पुढच्या नोंदीवर उडी मारतं. तीन आठवडे कोणी हात लावला नसेल, तरी पाहणाऱ्याला काम अखंड चालल्यासारखं वाटतं. तेव्हा झाडासोबत वरच्या तारखेवरही नजर ठेवा. ही उडी बंद करण्याचा पर्यायही आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. गोर्स बदल दाखवतं, त्या बदलाचं मोल दाखवत नाही. शंभर फाइलींत नुसत्या मोकळ्या जागा नीट केल्या तर किरणांची आतषबाजी होते. रात्रभर डोकं खाजवून एका ओळीतली चूक पकडली, तर एकच बारीक किरण. दोघी एका लॅपटॉपवर बसून काम करत असतील, तर कमिट जिच्या नावाने तीच दिसते. जिने चाचणी घेतली, जिने ‘हे असं नको’ म्हणून गट वाचवला, तिचं नाव पडद्यावर येतच नाही. नाटकाच्या प्रयोगात विंगेतून शब्द पुरवणारा दिसत नाही, म्हणून तो नव्हता असं आपण म्हणतो का?

मग हे झाड लावावं कशाला? प्रश्न विचारायला. ही फांदी अचानक का वाळली? परीक्षेच्या आदल्या दोन रात्रीतच सगळं का फुललं? हे फोल्डर एकटाच का सांभाळत होता, आणि तो आजारी पडला असता तर? अशा प्रश्नांची उत्तरं गोर्सकडे नाहीत, ती गटाकडे आहेत. म्हणून सादरीकरणाच्या आधी एकदा सगळ्यांनी मिळून हा पट पाहा, आणि मग जे किरणांत दिसलं नाही ते प्रकल्पाच्या अहवालात नावानिशी लिहा. एकनाथांनी आपल्या कामाची नोंद स्वतः करून ठेवली, म्हणून ते आपल्याला कळलं. यंत्र नोंद ठेवत असलं, तरी तेवढं लिहिणं आपल्याकडेच राहतं.