भेकराला कुठल्या बोअरची गोळी?

पहाटे ५.३०

वज्रेश्वरीच्या बाजूचे डोंगर अजून काळोखात आहेत. चैत्रात उजाडायच्या आत निघावं लागतं. मोहाची फुलं पहाटे गळतात, ती खायला भेकर येतं, आणि त्याची ही सवय शिकाऱ्यालाही ठाऊक असते. मी भिवंडी तालुक्यातल्या एका बीटचा वनरक्षक. हातात काठी, खिशात मोबाईल आणि सोबतीला वनमजूर काका.

सकाळी ६.१५

पाणवठ्याच्या पायवाटेवर काका थबकले. करवंदीच्या जाळीत गुडघाभर उंचीवर तारेचा फास होता. मोटरसायकलची जुनी क्लच वायर, एक टोक कुड्याच्या खोडाला बांधलेलं. जनावराने दुसरीकडून जाऊ नये म्हणून दोन्ही अंगांना काटेरी फांद्या रोवलेल्या. ही फासकी. मान आत गेली, की जनावर जितकं ओढतं तितकी ती आवळते. भेकर, साळिंदर, बिबट्या, तिला सगळे सारखेच. फोटो काढले, जागेची नोंद केली, मग तार सोडवली. तासाभरात आणखी तीन निघाल्या.

सकाळी ८.००

झऱ्याच्या वर दगडांचा आडोसा रचलेला. आत विडीची थोटकं आणि जळकी चिंधी. ठासणीची बंदूक उडाली होती. नळीत दारू, वर चिंधी, मग छर्रे, असं ठासून भरायचं. तिला ना नेम, ना धड वेग. समोरच्या सुक्या पानांवर रक्ताचे थेंब दिसले. शंभर पावलांवर ते संपले. जनावर पडलं नव्हतं, जखमी होऊन पळालं होतं. वनपालांना फोन केला.

सकाळी ११.००

शोधाला माणसं हवीत म्हणून पाड्यावर गेलो. चहा होईतो गोदामात काम करणाऱ्या एका पोराने विचारलं, "साहेब, हरणाला कुठली रायफल चांगली? .२७० की .३०८?" व्हिडिओ बघून विचारत होता. त्याला हिडीसफिडीस करून उपयोग नव्हता. शेजारी बसवून घेतलं.

म्हटलं, इंग्लंडमध्ये हरणाच्या शिकारीला परवानगी आहे, पण १९९१ च्या कायद्याने रायफलीचा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, .२४० इंचापेक्षा लहान चालत नाही, गोळीची ताकदही ठरलेली. आपल्या भेकराचा चुलतभाऊ मुंटजॅक चीनमधून नेऊन तिथे सोडला आणि तो बेसुमार वाढला. तो लहान चणीचा, म्हणून त्याच्यासाठी .२२० चालतो. हा सगळा हिशेब कशासाठी? जनावराने एका गोळीत मरावं, तडफडू नये यासाठी.

आपल्याकडे परवान्यावर मिळणारी ओळखीची रायफल .३१५ बोअरची. .३०३ लष्करी म्हणून सामान्य माणसाला बंद, त्यामुळे हा वेगळा बोअर आला. पण तीही हरणासाठी नाही. "आमच्या आज्याकडे शिकारीचा परवाना होता म्हणतात," पोरगा म्हणाला. असेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही आधी शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते संपले. शिवाय आपल्या डोक्यावर तुंगारेश्वर अभयारण्य आहे. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत बंदुकीचा नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय मिळत नाही. शेत नासवणाऱ्या रानडुकरासाठी रीतसर अर्ज करता येतो. मटणासाठी भेकर मारायला कुठलाच अर्ज नाही.

दुपारी २.३०

तालुक्याच्या कोर्टात शिकारीच्या एका जुन्या गुन्ह्यात माझी साक्ष होती. त्या वेळी आरोपी म्हणाला होता, हे बकऱ्याचं मटण आहे. अशा वेळी मांसाचा नमुना डीएनए तपासणीला जातो. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत वन्यप्राण्यांसाठी खास प्रयोगशाळा आहे. शिजवायला काढलेल्या तुकड्यावरूनही प्राणी ओळखता येतो. मात्र पंचनामा चोख हवा. वेळ, जागा, पंचांच्या सह्या यांत एक चूक झाली, तर सगळी मेहनत पाण्यात जाते.

संध्याकाळी ५.४५

भेकर सापडलं. ओढ्याच्या कोरड्या पात्रात, कातळाच्या सावलीला. मादी, असेल वीसेक किलोची. मागच्या मांडीत आणि पोटात छर्रे होते, एकही मर्मावर लागलेला नव्हता. पाण्याच्या वासाने इथवर आली असावी, पण ओढा आटलेला. डोळे उघडेच होते. पशुवैद्यकीय डॉक्टरांनी जागेवरच तपासणी केली आणि सहा छर्रे काढून कागदावर ठेवले. सकाळचा पोरगा शोधाला आला होता. त्याने ते मोजले आणि मान खाली घातली. अंधार पडता पडता आम्ही नियमाप्रमाणे तिला अग्नी दिला.

रात्री ९.३०

गस्त पुन्हा सुरू. वरच्या रानातून भुंकण्याचा आवाज आला. नवख्याला कुत्रं वाटेल, पण ते भेकर होतं. धोका दिसला की ते असंच भुंकतं. कदाचित आमच्याच बॅटरीला बिचकलं असेल. आम्ही उजेड विझवला आणि ते गप्प होईपर्यंत उभे राहिलो.

पोराच्या प्रश्नाला माझं उत्तर एकच आहे: आपल्या रानातल्या भेकराला कुठल्याही बोअरची गोळी नको. आणि तुमच्याकडे एक मागणं आहे. रानात फासकी दिसली, रात्री बंदुकीचा आवाज आला, कुणी रानातलं मटण विकायला आलं, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.