२००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धेतील भारतीय संघ : यशाचे स्वरूप आणि महाविद्यालयांचे दायित्व

प्रस्तावना

पुण्याच्या पश्चिमेस म्हाळुंगे आणि बालेवाडी या गावांच्या शिवेवर श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल उभे आहे. मुळशी तालुक्यातील नांदे, चांदे ही गावे तेथून काही किलोमीटरांच्याच अंतरावर आहेत. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या या संकुलात १२ ते १८ ऑक्टोबर २००८ या काळात तिसरी राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा पार पडली. या स्पर्धेत भारतीय संघाने ३३ सुवर्णपदकांसह एकूण ७६ पदके मिळवून पदकतालिकेत प्रथम स्थान पटकावले. या यशाचे कौतुक त्या वेळी पुष्कळ झाले. त्याचे विश्लेषण मात्र त्या मानाने कमी झाले. ते यश नेमके कशाचे होते आणि त्याचा महाविद्यालयीन शिक्षणाशी कोणता संबंध पोहोचतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

भारताचा संघ आणि पुणे यांचा संबंध २००८ मध्ये प्रथमच आला असे नाही. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारतीय खेळाडूंचा संघ पाठविण्याची कल्पना पुण्यातील डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर आकाराला आली. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी तिचा पाठपुरावा केला व स्वतः आर्थिक भारही उचलला. त्या छोट्या संघातील बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन शर्यत पूर्ण करून १९ वा क्रमांक मिळवला.

पुढे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यांच्या प्रवासखर्चासाठी लोकवर्गणी जमविण्यात आली. ते ज्या महाविद्यालयाचे विद्यार्थी होते, त्या कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगितले जाते. राष्ट्रीय संघ ही संज्ञा कितीही भव्य वाटली, तरी तो संघ घडविणारे हात अनेकदा स्थानिकच असतात, हे या दोन्ही उदाहरणांवरून ध्यानात येते.

स्पर्धेचे स्वरूप

राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा २००० मध्ये एडिंबरा येथे सुरू झाली. दुसरी स्पर्धा २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातील बेंडिगो येथे झाली. सुमारे १४ ते १८ वर्षे वयोगटातील खेळाडूंना प्रौढ गटात जाण्यापूर्वी बहुक्रीडा स्पर्धेचा अनुभव मिळावा, हा या उपक्रमाचा मुख्य हेतू आहे. पुणे येथील स्पर्धेत ७१ देश-प्रदेशांचे बाराशेहून अधिक खेळाडू सहभागी झाले. अॅथलेटिक्स, बॅडमिंटन, मुष्टियुद्ध, नेमबाजी, जलतरण, टेबल टेनिस, टेनिस, भारोत्तोलन आणि कुस्ती अशा नऊ खेळांचा तीत समावेश होता. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेची पूर्वतयारी म्हणूनही या आयोजनाकडे पाहिले गेले.

पदकतालिकेचा अन्वयार्थ

पुण्यातील स्पर्धेपूर्वी जेमतेम दोन महिने, ऑगस्ट २००८ मध्ये, बीजिंग ऑलिंपिक झाले होते. तेथे भारताला एकूण तीन पदके मिळाली : नेमबाजीत अभिनव बिंद्रा यांना सुवर्ण, तर कुस्तीत सुशील कुमार आणि मुष्टियुद्धात विजेंदर सिंग यांना कांस्य. ऑगस्टमध्ये तीन आणि ऑक्टोबरमध्ये शहात्तर! हे अंतर कशामुळे पडले, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिले कारण स्पर्धाक्षेत्राचे. चीन, अमेरिका, रशिया, जपान, दक्षिण कोरिया ही बलाढ्य क्रीडाराष्ट्रे राष्ट्रकुलाची सदस्य नाहीत. दुसरे कारण खेळांच्या निवडीचे. बीजिंगमध्ये भारताला ज्या तीन खेळांत पदके लाभली, ते तिन्ही खेळ पुण्याच्या कार्यक्रमात होते. कुस्ती, मुष्टियुद्ध व भारोत्तोलन या खेळांत वजनगटांमुळे पदकांची संख्या वाढते. मुष्टियुद्धात तर उपांत्य फेरीत पराभूत होणाऱ्या दोघांनाही कांस्यपदक दिले जाते. ज्या देशाची या खेळांत परंपरा आहे, त्याला तालिकेत याचा लाभ होतोच. तिसरे कारण यजमानपदाचे. यजमान देश सर्व खेळांत भरगच्च संघ उतरवू शकतो, तर दूरच्या देशांना प्रवासखर्चामुळे हात आखडता घ्यावा लागतो. परिचित हवामान, सरावाची मैदाने आणि प्रेक्षकांचा पाठिंबा हे घटक वेगळेच. त्यानंतर दूरदेशी झालेल्या युवा स्पर्धांत भारताचा संघ लहान राहिला आणि पदकसंख्याही पुण्याच्या तुलनेत बरीच खाली आली, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

याचा अर्थ हे यश पोकळ होते, असा मात्र नव्हे. पदकतालिका देशाची एका आठवड्यातील स्थिती दाखवते. युवा स्पर्धेचे खरे फलित त्या खेळाडूंच्या पुढील दहा वर्षांत शोधावे लागते.

युवा गटातून प्रौढ गटाकडे

या दृष्टीने तीन खेळाडूंची वाटचाल बोलकी आहे. बॅडमिंटनमध्ये मुलींच्या एकेरीचे सुवर्णपदक सायना नेहवालने जिंकले. त्यानंतर काही दिवसांतच पुण्यातच झालेली जागतिक कनिष्ठ अजिंक्यपद स्पर्धाही तिने जिंकली आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. कोल्हापूरचा जलतरणपटू वीरधवल खाडे बीजिंग ऑलिंपिकचा अनुभव घेऊन पुण्यात उतरला होता. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लाय प्रकारात त्याने कांस्यपदक पटकावले. जलतरणात भारताला आशियाई पदक मिळण्यास मध्ये २४ वर्षे लोटली होती. कोल्हापूरच्याच राही सरनोबतने पुण्यात नेमबाजीचे सुवर्णपदक मिळवले. दुखापतीचा काळ सोसून तिने २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. युवा सुवर्ण ते आशियाई सुवर्ण हा प्रवास दहा वर्षांचा आहे.

भारतीय संघातील सर्वांनाच अशी मजल मारता आली नाही, आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि ही गळती नेमकी कोणत्या वयात होते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. युवा स्पर्धेची वयोमर्यादा अठराव्या वर्षी संपते. त्याच वर्षी हा खेळाडू महाविद्यालयाच्या प्रथम वर्षात प्रवेश घेतो. शालेय वयोगटातील तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशी चढती स्पर्धा-शिडी येथे संपलेली असते आणि प्रौढ गटात त्याची गाठ अनुभवी खेळाडूंशी पडते. नेमक्या याच टप्प्यावर हजेरीची टक्केवारी, सत्र परीक्षा आणि उदरनिर्वाहाची चिंता यांचा भार त्याच्यावर येतो.

महाविद्यालयांचे दायित्व

दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. या दोन तरतुदींच्या दरम्यानची वर्षे महाविद्यालयाच्या स्वाधीन असतात. या काळात स्पर्धा व सराव शिबिरासाठी दिलेली रजा ही अनुपस्थिती न मानणे, हुकलेल्या अंतर्गत परीक्षा पुन्हा घेणे, बुडालेल्या तासिकांसाठी एखाद्या अध्यापकाकडे पालकत्व सोपविणे या गोष्टींना मोठा निधी लागत नाही. शारीरिक शिक्षण संचालकाला हे एकट्याने साधणारे नाही. विषय शिकविणाऱ्या अध्यापकांची साथ हवी.

संकुलाच्या परिसरातील महाविद्यालयांच्या बाबतीत हे दायित्व अधिकच ठळक होते. चांदे किंवा नांदे येथील विद्यार्थ्याला आंतरराष्ट्रीय दर्जाचा तलाव व धावपट्टी अंतराने जवळ आहे. पण प्रशिक्षकाची ओळख, निवड चाचणीची माहिती, सरावासाठी मोकळा वेळ आणि घरची संमती यांवाचून ते अंतर कापले जात नाही. तेथवर पोहोचविणारा दुवा शिक्षकच असू शकतो.

समारोप

१९२० मध्ये संघ एका दानशूर अध्यक्षाच्या पुढाकाराने गेला, १९५२ मध्ये एका प्राचार्याने घर पणाला लावले आणि २००८ मध्ये शासनाने उभारलेल्या संकुलात देशाचा संघ अव्वल ठरला. साधनांची उणीव पूर्वीइतकी उरलेली नाही. खर्डेकरांच्या पिढीला पैसा उभा करावा लागला. आजच्या अध्यापकाकडून अपेक्षा आहे ती वेळापत्रकात जागा करून देण्याची. शहात्तर पदकांचा खरा हिशेब खेळाडू महाविद्यालयात घालवतो त्या तीन-चार वर्षांत मांडला जातो.